'रे'च्या डोक्यावरचं टिंब

वॉशिंग्टन स्ट्रीट, न्यूयॉर्क
जुलैचा शेवट, १९१२

प्रिय सिमान,

की आता ब्रदर सिमान म्हणायचं? आई म्हणते, तुमच्या मठात आलेलं पत्र आधी मठाधिपती उघडतात. उघडत असतील तर त्यांना माझा नमस्कार, आणि पुढचं वाचू नका ही विनंती. वाचलंच तर मग तक्रार करू नका.

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. क्रुसाच्या सणाला तुझं कायमचं व्रत. डोंगरावर होळ्या पेटणार, आई नवा रुमाल बांधून पहिल्या बाकावर बसणार, आणि हा गडी लिहितो की व्रत घ्यायचं की झगा उतरवून न्यूयॉर्कची बोट पकडायची, हे आता एका ओळीवर अडलंय. कवितेच्या ओळीवर. तीही कुठे वाचली, तर चीजच्या कागदावर. मी आईला मोजे पाठवले ते छापखान्यातल्या वाया गेलेल्या कागदात गुंडाळून. आईने तो कागद झटकून ठेवला आणि त्यात तुझ्यासाठी शेळीच्या दुधाचं चीज बांधून दिलं. तू ते उघडलंस, आणि चीज खायचं सोडून कागद वाचत बसलास. इतर लोकांशी देव ढगातून बोलतो, झुडपातून बोलतो. तुझ्याशी बोलायला त्याला चिकट, खारट कागदच मिळाला, आणि तोही मी पाठवलेला.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. ‘दोन वर्षं मी दया मागतोय आणि मला शांतता मिळतेय. ही ओळ वाचली आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. देवाकडे गर्दी मागणारा माणूस आहे तरी कोण? तू त्याच छापखान्यात आहेस हे मला ठाऊक आहे, आणि तू कसा आहेस हेही. म्हणून खरं सांग. हे उस्तादांनी लिहिलं, की तुझा चावटपणा आहे? चावटपणा असेल तर मी पोट धरून हसेन आणि व्रत घेईन. नसेल तर बोटीचं बघतो.’ वा रे वा. म्हणजे तुझं उभं आयुष्य तू माझ्या अंगावर ढकललंस आणि आपण तिकडे झऱ्याकाठी पाय सोडून बसलास.

बरं, आता ऐक. कविता उस्ताद फर्हूदांची, आमच्या छापखान्याच्या वर्तमानपत्रात आलेली. उस्ताद राहतात तिसऱ्या मजल्यावर, लसणाच्या वखारीवर. लिहितात मात्र एकांतावर, पहाटेवर, आत्म्यावर. खिडकीसमोरून दर थोड्या वेळाने पुलावरची आगगाडी जाते तेव्हा त्यांची दौत हलते, आणि ते गाडीला शिव्या घालून पुन्हा आत्म्यावर येतात. आपल्या लोकांना ते फार आवडतात. चार अक्षरं न वाचता येणारी माणसंसुद्धा शनिवारी कॉफीखान्यात बसून दुसऱ्याकडून त्यांची कविता वाचून घेतात आणि डोळे पुसतात. का पुसतात ते विचारलं की म्हणतात, गप रे, तुला काय कळतंय. मला खरंच कळत नाही. मी आपला कवितेचे खिळे, छपाईची शिशाची अक्षरं, जुळवतो. अर्थ जुळवायचं काम माझ्याकडे नाही.

त्या कवितेत शेवटी उस्तादांनी लिहिलं होतं, ‘प्रभो, रिकाम्या हातांनी तुझ्या दाराशी आलोय. धान्य नको, सोनं नको, तुझी रहमा दे.’ छापून आलं, ‘तुझी झहमा दे.’ आमच्या मशीनवर डोलन नावाचा आयरिश आहे. सकाळी सगळे का ओरडतायत हे त्याला कळेना, म्हणून मी त्याला कोळशाने भिंतीवर काढून दाखवलं. म्हटलं, हा बघ आमचा अरबी ‘रे’, विळ्यासारखा. याने सुरू होते ती रहमा, म्हणजे देवाची दया. आता या विळ्याच्या डोक्यावर एक टिंब ठेवलं की झाला ‘झे’. झाली झहमा. गर्दी, चेंगराचेंगरी, बाजाराच्या दिवशी असते तशी. डोलन त्या टिंबावर बोट ठेवून म्हणाला, “म्हणजे तुमचा तो म्हातारा देवाला म्हणतोय, मला अजून थोडे शेजारी पाठव?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “त्याने माझे घेऊन जावेत.”

उस्ताद आले ते काठी आपटतच. “कुठंय तो गाढव? आयुष्यभराची तपश्चर्या माझी, आणि या कार्ट्याने तिचा बाजार केला.” मी शाईच्या पिंपामागे. आमचे मालक, ख्वाजा मिलहिम, मध्ये पडून कॉफी मागवतायत, उस्ताद कॉफीला हात लावत नाहीत, म्हणजे प्रकरण फारच पेटलेलं. दुरुस्ती छापा म्हणाले, पहिल्या पानावर, चौकटीत. ख्वाजा म्हणाले, छापतो. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि तेवढ्यात दारात सैदा उभी.

सैदा तुला माहीत नाही. लेसच्या कारखान्यात सुईकाम करते. तिचा नवरा फारिस पाठीवर पेटी घेऊन गावोगाव जायचा, बटणं, सुया, जपमाळा, क्रूस विकायला. दोन हिवाळ्यांपूर्वी तिकडे आतल्या मुलखात कुठेतरी बर्फात अडकला आणि एका शेताच्या कुंपणाशी सापडला. तिला महिन्याने कळलं. तर ही बाई सरळ आत आली, उस्तादांचा हात धरला आणि ओठांना लावला. म्हणाली, “उस्ताद, चर्चमध्ये रोज दया मागतात. मीही मागायचे. पण माझ्या माणसाला त्या दिवशी दया नको होती हो. चार माणसं हवी होती. ते कुणी मागितलंच नव्हतं देवाकडे. तुम्ही मागितलंत.” आणि गेली, कारखान्यात तिच्या कामाची वेळ होत होती.

उस्तादांनी कॉफी उचलली. प्यायले. मग अंकाची घडी उलगडून ती ओळ पुन्हा वाचली, अगदी दुसऱ्या कुणाचं पत्र आल्यासारखी. आणि म्हणाले, “मिलहिम, दुरुस्ती राहू दे.” झालं. तिथेच माझं नशीब फिरलं.

त्या शनिवारी कॉफीखान्यात त्यांनी कविता म्हटली ती टिंबासकट. पुढच्या अंकात त्यांनी अडीच रकाने लिहिले, गर्दीत देव कसा असतो त्याच्यावर. अडीच रकाने मीच जुळवले, आणि प्रत्येक झहमाला ‘झे’ तपासून घेतला, न जाणो परत रहमा व्हायची. आपल्या मरोनी पंथाच्या पाद्र्यांनी रविवारी सांगितलं की गर्दी मागणं हे पाखंड आहे, देव एकाग्र मनात असतो. ते पाखंड म्हणाले एवढ्याच कारणावरून पलीकडच्या गल्लीतल्या ऑर्थोडॉक्स पाद्र्यांनी पुढल्या रविवारी सांगितलं की ती ओळ म्हणजे शुद्ध धर्म आहे. तिसरे मेल्काइट पंथाचे पाद्री. ते आधी दोघांकडे किती माणसं जातात ते बघतायत. न्हाव्याने ती ओळ आरशावर साबणाने लिहिली. लेसच्या कारखान्यातल्या बायका जिन्यात एकमेकींना कोपर लागलं की माफ कर न म्हणता “तुझी झहमा दे” म्हणतात आणि हसतात.

आणि या सगळ्यात प्रत्येक जण मला डोळा मारतो. माझा संताप होतो तो इथे. न्हावी फुकट दाढी करतो आणि कानात म्हणतो, “टिंब तुझंच ना, चोरा?” ख्वाजा मिलहिमांनी पहिल्यांदाच स्वतःच्या डबीतली सिगारेट दिली. मिखाइल, माझ्या खोलीतला, होम्स शहरचा, तो तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगतो की हाच तो. मी म्हणतो, मी नाही. ते म्हणतात, बरोबर, असंच म्हणायचं. मी चिडतो. ते म्हणतात, बघा, किती छान चिडतो. अरे, मला माझी कीर्ती मान्य आहे. ख्वाजांच्या चुलतभावाच्या लग्नाच्या बातमीला मृत्यूच्या बातमीची काळी चौकट लावली ती मीच. टक्कल घालवायच्या तेलाच्या जाहिरातीत बिशपसाहेबांचा फोटो लावला तोही मीच, आणि तेव्हा विचारायच्या आधीच हात वर केला होता. पेटी घेऊन फिरायचो तेव्हा ब्रुकलिनच्या एका बाईला जैतुनी लाकडाचा क्रूस विकताना सांगितलं होतं की सणाच्या आदल्या दिवशी तो गुणगुणतो. बाईने पुढल्या वेळी सांगितलं की गुणगुणला. आता याला मी काय करू?

आणि तुला तर शेळी आठवत असेलच. देवळाच्या घंटेच्या दोरीला मी अबूनांची, आपल्या गावच्या पाद्र्यांची, शेळी बांधली, आणि आख्खा गाव संत एलियास स्वतः घंटा वाजवतायत म्हणून रेशमाचे किडे तसेच टाकून गुडघ्यांवर. अबूनांनी आत जाऊन बघितलं, बाहेर आले आणि जो पहिला हसला त्याचा कान धरला. हसलास तू. वेताच्या छड्या खाल्ल्यास आणि माझं नाव घेतलं नाहीस. तेव्हापासून आपली ती शपथ. देवाची, आईची, क्रुसाची कितीही खोटी घेतली असेल मी, पण शेळीची नाही. तूही नाही.

तुझं पत्र आल्यावर मी नीट शोध घेतला, तुझ्यासाठी. फर्मा, म्हणजे खिळे जुळवून बांधलेलं पान, तर केव्हाच मोडलेला, खिळे पेटीतल्या आपापल्या घरात गेलेले, त्यामुळे डोळ्यांनी बघायला काही उरलं नव्हतं. मग ‘रे’चं घर पूर्ण रिकामं केलं. टेबलावर ओतून एकेक खिळा नखाने चाचपला. एकही ‘झे’ चुकून आलेला नाही. प्रूफ उस्तादांनी स्वतः वाचलं होतं, पण आपली कविता वाचताना ते कागदाकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. ख्वाजांनी वाचलं होतं, म्हणजे कुणीच वाचलं नव्हतं. डोलनला विचारलं, रात्रीतून कुणी फर्म्याला हात लावला का? तो म्हणाला, “तू सोडून इथे असलं काम करणारं आहे कोण?” आयरिश माणूससुद्धा, सिमान. त्याला ‘रे’ आणि माशीतला फरक कळत नाही, आणि तोही.

शेवटी उस्तादांकडे गेलो. जिन्यातून वर जाईपर्यंत अंगाला लसणाचा वास लागला. म्हटलं, उस्ताद, माझा भाऊ मठात आहे, त्याचं सगळं अडलंय, एक सांगा, ओळ तुमची की चुकीची? त्यांनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाले, “तन्नूस, बाळा, मी तीस वर्षं एकांत मागितला. एकही ओळ कुणाच्या कामाला आली नाही. ही आली, आणि ती मी लिहिली नाही. तुझा हात होता, पण तो तुझा नव्हता.” मी म्हटलं, उस्ताद, हात माझाच होता, आणि त्याने ‘रे’च उचलला होता. माझ्या बोटांना आठवतं. ‘झे’चं घर वरच्या रांगेत आहे, त्यासाठी खांदा उचलावा लागतो, आणि मी खांदा उचलला नव्हता. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. “मग तर फारच उत्तम,” म्हणाले. मी म्हटलं, फारच उत्तम काय? कुणीतरी चूक केली असेल ना. ते म्हणाले, “शोध.” मी काय शोधतोय मग इतके दिवस?

तुला कळतंय का माझं दुखणं? या गल्लीत सगळ्यांना उत्तर मिळालंय. कुणाला देव मिळाला, कुणाला गंमत मिळाली, ख्वाजांना गिऱ्हाईक मिळालं. टिंब आलं कुठून हे फक्त मलाच जाणून घ्यायचंय, आणि मी विचारलं की सगळे हसतात. खोडी करणाऱ्याला दुसऱ्याची खोडी लगेच ओळखू येते. लपून बघणारा कुठेतरी असतोच, मजा बघायला. मी सगळीकडे बघितलं. कुणी दिसत नाही.

आणि तू जी गर्दी मागायला येणार आहेस ती कशी असते तेही ऐकून ठेव, म्हणजे नंतर मला बोल लावू नकोस. एका खोलीत आम्ही सात जण. मिखाइल घोरतो आणि मध्येच झोपेत गिऱ्हाइकाशी भाव करतो. नळ एक, तो मजल्यावरच्या सगळ्यांचा, आणि रांगेत उभं असताना मागच्याची कोपरं बरगड्यांत. मसूर-भात, मग परत मसूर-भात. उन्हाळ्यात लोखंडी जिन्यावर झोपतो, वरच्याचा पाय तोंडावर येतो. एकटं बसून रडायचं म्हटलं तर जागा नाही. फेब्रुवारीत मला ताप भरला तेव्हा खोलीत भांडण जुंपलं की घोंगडी कुणाची द्यायची. कुणीच माघार घेईना, शेवटी सगळ्यांनी आपापली आणून टाकली आणि मी खाली गुदमरलो. मिखाइल व्हिनेगरमध्ये बुडवलेले मोजे माझ्या पायात घालून रात्रभर उशाशी बसला, आणि सकाळी मजुरी बुडाली म्हणून मलाच शिव्या दिल्या. तापात मी तुला हाका मारत होतो म्हणे. तो आजवर चिडवतो, “सिमान कोण रे, पोरगी का?” तर ही अशी गर्दी. यात देव असलाच तर नळाच्या रांगेत तोही माझ्या मागेच असणार.

आता खरं काय ते सांगतो, कारण इतकं लांबवायचं माझ्या मनात नव्हतं. तुझ्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी आईचंही आलं, अबूनांच्या अक्षरात. तुझ्या मनातलं तिला कळलंय. तिने लिहवून घेतलंय, ‘तन्नूस, एक समुद्रापलीकडे गेला. दुसरा निदान घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहू दे. त्याला लिही की टिंब तूच टाकलंस. जन्मभर फुकट खोटं बोललास, एकदा माझ्यासाठी बोल.’ तेच लिहायला मी बसलो होतो, सिमान. ‘हो, मीच, फसलास की नाही’ एवढी एक ओळ, आणि तू हसला असतास, व्रत घेतलं असतंस, आणि आईच्या घरी सणाला दिवा लागला असता. सगळी गल्ली त्याला साक्षीदार आहे. इतकं सोपं खोटं मला आयुष्यात मिळालं नव्हतं. तीन कागद फाडले. केलेलं नाकारायला मला सहज जमतं, पण न केलेलं माझ्या नावावर घ्यायला हात चालत नाही, आणि हे तर कुणाच्याच नावावर नाही. ये असं मी म्हणत नाही. नको येऊस असंही म्हणवत नाही. तू विचारलंस तेवढ्याचंच उत्तर देतो. शेळीची शपथ, ते टिंब मी ठेवलं नाही.

आईने विचारलं तर सांग, माझं हे पत्र तुला पोहोचलंच नाही. आणि आलास तर चीज घेऊन ये. नाही आलास तरी पाठव. फक्त ते कागदात गुंडाळू नकोस.

तुझाच, आणि या खेपेला खरोखर निरपराध,
तन्नूस